डॉक्सीसायक्लीन : उपयोग आणि पथ्य

डॉक्सीसायक्लीन हे अनेक जातींच्या जिवाणूंवर चालणारे, म्हणजेच व्यापक प्रभावाचे प्रतिजैविक असून ते जिवाणूंची प्रथिननिर्मिती रोखून त्यांची वाढ थांबवते. डेंग्यूसारख्या विषाणूजन्य तापावर मात्र त्याचा काहीही उपयोग होत नाही. हिंगोली जिल्ह्यात हळद-सोयाबीनच्या रानात आणि बांधावरच्या गवतात राबणाऱ्यांनी, 2018 मध्ये विदर्भात ज्याची साथ आली होती, तो स्क्रब टायफस हा जिवाणूजन्य ताप ओळखायलाच हवा. गवत-झुडपांतील सूक्ष्म कीटकसदृश जीवाच्या अळीने चावल्यामुळे तो होतो, आणि काखेत, जांघेत किंवा कमरेशी चटका बसल्यासारखी काळी खपली दिसू शकते. तापासोबत ती दिसल्यास डॉक्टरांना अवश्य दाखवावी, कारण वेळेत सुरू केलेले हे औषध जीव वाचवते. लेप्टोस्पायरोसिसमध्येही ते दिले जाते.

गोळी पेलाभर पाण्यासोबत घ्यावी आणि नंतर किमान अर्धा तास आडवे होऊ नये, अन्यथा ती अन्ननलिकेत अडकून तेथे व्रण पडू शकतो. हे औषध चालू असताना उन्हाने त्वचा लवकर भाजते, म्हणून शेतात अंग झाकून काम करावे. लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी त्याच वेळी घेतल्यास औषध नीट शोषले जात नाही. गरोदर स्त्रिया आणि 8 वर्षांखालील मुले यांच्याबाबतचा निर्णय डॉक्टरांनीच घ्यावयाचा असतो.