ओढ्याकाठची वीस मिनिटं

आज आपण चालण्याबद्दल बोलू. तुम्ही म्हणाल, रानात, पाण्याला, सरपणाला आम्ही दिवसभर चालतोच की! खरं आहे. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान 150 मिनिटं अंगमेहनत सांगते, त्यात शेतातलं कामही धरलं जातं. पण डोक्यावर भारा नाही, मागे घाई नाही, असं स्वतःसाठीचं चालणं आपल्या वाट्याला किती येतं?

पुण्याच्या उपनगरातून रामनदी वाहते. भुकूमच्या बाजूनं येते, बावधन, पाषाण करत औंधजवळ मुळेला मिळते. वस्ती वाढली तसं तिच्यात सांडपाणी आलं, काठावर राडारोडा पडला, पाषाण तलावात जलपर्णी माजली. तिथले रहिवासी काठ साफ करतात, झाडं लावतात, तलावाकाठी पक्षी बघत फिरतात. नदी अजून पुरती बरी झालेली नाही. सांडपाणी थांबल्याशिवाय होणारही नाही. पण रोज काठानं चालणाऱ्याच्या नजरेतून कचऱ्याचा नवा ढीग सुटत नाही.

आपल्या गावचा ओढाही असाच बघायला हवा. काठावर उंबर, करंज, जांभूळ असेल तर मुळं माती धरून ठेवतात. वाळा आणि लव्हाळा पाण्याचा वेग कमी करतात, गाळ अडवतात. म्हणून काठ साफ करताना सगळंच खरवडून काढू नका. प्लास्टिक उचला, झाडोरा राहू द्या. लहान निळा खंड्या पाण्यात सूर मारत असेल तर समजा, मासे आहेत. चतुर उडताना दिसले तर आनंद माना. त्यांची पिल्लं पाण्यात राहून डासांच्या अळ्या खातात. पाण्याला फेस आणि घाण वास असेल, तर सांडपाणी कुठून येतं ते शोधा.

गटाच्या बैठकीआधी वीस मिनिटं काढू या. दोघी-तिघी मिळून जाऊ, सासूबाईंनाही बरोबर घेऊ, त्यांच्या चालीनं चालू. हातात काठी असू द्या, पायात चप्पल. ओढ्याला पूर असेल तेव्हा काठाला फिरकू नका.

दिसेल ते गटाच्या वहीत, शेवटच्या पानावर तारखेसह लिहू. घाण कुठून येते, हे तारखेसकट ग्रामसभेत वाचून दाखवलं, तर "बघू" म्हणून उडवून लावणं कुणालाही अवघड जाईल.