झोपाळा कुणाचा?

(वज्रेश्वरी येथे झालेल्या भाषणाचा मजकूर)



वज्रेश्वरीच्या घरांना पाहुण्यांचा राबता नवा नाही. टेकडीवरची देवी आणि तानसेकाठची ऊन पाण्याची कुंडे यांमुळे अकलोली, गणेशपुरीसह हा सारा परिसर पिढ्यान्‌पिढ्या येणाऱ्या-जाणाऱ्यांचा. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली आणि देवीला बोललेला नवस मंदिर बांधून फेडला, ही परंपरेची कथा येथे सर्वांना पाठ आहे. आजचा विषय त्याहून घरगुती आहे. दमूनभागून आलेल्या पाहुण्याला पाणी देऊन जेथे बसवीत, तो ओटीवरचा झोपाळा.

वस्तू तशी साधीच. सागाची किंवा शिसवीची जाड फळी, लोखंडी वा पितळी कड्या आणि तुळईत पक्के बसवलेले आकडे. पण खुर्ची एकट्याची असते. झोपाळ्यावर आजोबा बसले की दोन्ही बाजूंना नातवंडे आपोआप येऊन बिलगतात. परवचा तेथे म्हटली जाई, पाढे तेथे पाठ होत, सोयरिकीची बोलणी तेथेच चालत. तापाने फणफणलेले मूल मांडीवर घेऊन रात्रभर हलका झोका देण्याची सोयही तेथेच. कड्यांची कुरकुर हा त्या घराचा आवाज असे. ती थांबली की काहीतरी बिनसले आहे, हे शेजारच्यांनाही कळे.

आता एक प्रयोग करून पाहावा. या झोपाळ्याविषयी घरातील प्रत्येकाला स्वतंत्रपणे विचारावे. मुलगे वडिलांची आठवण सांगतील. पानाचे तबक, अडकित्ता, आल्यागेल्याची चौकशी. लेकींना आठवेल तो माहेरपणाचा उंच झोका. सुना मात्र क्षणभर थांबतात. सासऱ्यांसमोर झोपाळ्यावर बसण्याची रीत नव्हती. दुपारी मागचे आवरून, पुरुषमंडळी बाहेर गेल्यावर अर्धी घटका मिळे, तीही कड्या वाजू नयेत म्हणून पाय भुईला टेकवून. हक्काने बसविले ते डोहाळजेवणाला, फुलांनी सजवून.

आणि हे त्याच घरात, जेथे चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत चैत्रगौर झोपाळ्यात बसते! तिच्यापुढे आरास होते, आंब्याची डाळ आणि पन्हे वाटले जाते. येथली चैत्री अमावास्येची जत्राही याच दिवसांतली. गौरीला महिनाभर झोका, आणि तिची आरास मांडणारीला एक दिवस. कुटुंबव्यवस्थेचा अभिमान बाळगणाऱ्यांनी हा हिशेब नजरेआड करू नये. आपल्या आजीची आठवण आजोबांच्या आठवणीइतकीच त्या फळीवर कोरलेली आहे. फक्त ती कुणी विचारली नाही.

विचारण्यास वेळही आता थोडा उरला आहे. कौलारू घरे उतरत आहेत, भावंडे ठाण्या-विरारकडे पांगली आहेत. सदनिकेत तुळई नाही. स्लॅब ओतताना आकडा सोडला नसेल तर झोपाळा टांगणे अवघड. मग पितळी कड्या वजनावर जातात आणि फळीचा ओटा किंवा मेज होते. वाटणीत तर कुणाला फळी, कुणाला कड्या, अशीही विभागणी होते.

पुण्यात दिनकर केळकर यांनी दिवे, अडकित्ते, दारे, भांडी अशा घरगुती वस्तू आयुष्यभर गोळा केल्या आणि १९७५ मध्ये तो सारा संग्रह शासनाच्या स्वाधीन केला. त्या संग्रहालयाला बालपणीच गेलेल्या त्यांच्या मुलाचे, राजाचे, नाव आहे. हजारो वस्तूंच्या दारावर एका बापाची आठवण! पण संग्रहालय झाले तरी वस्तू जपणार. दुपारी पाय टेकवून कोण बसले होते, हे ते सांगू शकत नाही.

घर उतरवायचे ठरते तेव्हा सुतार शिडी लावतो, भाऊ मोजमापे घेतात, आणि आजी दाराशी उभी असते. आकडा सोडण्यापूर्वी तिला एकदा त्या फळीवर बसवावे, झोका द्यावा आणि समोर वही घेऊन बसावे. कड्या वाजल्या तर वाजू द्याव्यात.