अस्पष्ट छायाचित्र आणि संशोधकाचे इमान
(शताब्दी व्याख्यानमालेतील भाषणाचा संक्षेप)



मराठीच्या अध्यापकाने छायाचित्राच्या शास्त्रावर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु जीर्ण पोथीचा पाठ लावणे आणि धूसर चित्र उजळणे ही एकाच जातीची कामे आहेत. दोन्हींकडे प्रश्न एकच : जे हरवले ते आपल्याला सापडते, की आपण ते रचतो?

१९९० साली हबल दुर्बीण अवकाशात गेली. तिच्या २.४ मीटर व्यासाच्या आरशाची कड सुमारे दोन मायक्रॉनने अधिक सपाट घासली गेली होती. त्यामुळे ताऱ्यांभोवती प्रकाश पसरलेला दिसू लागला. डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी दुरुस्ती केली. तोवर शास्त्रज्ञांनी गणिताचा आधार घेतला. एका बिंदूचा प्रकाश हा आरसा कसा पसरवतो, हे ठाऊक असल्याने तो पसारा काही अंशी आवरता आला. एकाच दृश्याची किंचित सरकलेली अनेक चित्रे असली, तर त्यांच्या मेळातूनही नवे बारकावे हाती येतात. अनेक हस्तलिखिते ताडून पाहावीत तसे. ही खरी पुनर्प्राप्ती होय.

खोलीचेही असेच आहे. जवळचे लहान घर आणि दूरचे मोठे घर चित्रात सारखेच दिसू शकते. दोन जागांहून चित्रे घेतली, तर त्यांतील फरकावरून अंतर काढता येते. दोन डोळ्यांची ही किमया चार्ल्स व्हीट्स्टन यांनी १८३८ मध्ये उलगडून दाखविली. चित्र एकच असेल, तर संगणक पूर्वी शिकलेल्या खुणांवरून अंदाज बांधतो. पुढे कोण, मागे कोण, हे तो पुष्कळदा बरोबर सांगतो. परंतु मापाचा आधार नसेल, तर किती फूट, हे खात्रीने सांगता येत नाही.

अंदाजालाच सत्य मानले की काय होते? २०२० साली अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात घडविलेल्या 'पल्स' या प्रणालीला बराक ओबामा यांचे ठोकळ्याठोकळ्यांचे चित्र देण्यात आले. तिने एका गोऱ्या माणसाचा रेखीव चेहरा काढून दिला! त्या ठोकळ्यांशी जुळणारे असंख्य चेहरे संभवतात. त्यांतला एक तिने निवडला, इतकेच.

जुन्या संस्थांच्या भिंतींवर संस्थापकांची विटलेली छायाचित्रे असतात. ती यंत्राकडून उजळून घेण्याचा मोह आज सर्वांनाच होतो. परंतु जो चेहरा कधी नव्हताच, त्याला उद्याच्या पिढीने हार घालावा काय? पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीत संदिग्ध पाठाखाली नागमोडी रेघ दिली आहे. संशोधकाचे इमान त्या रेघेत आहे. मूळ छायाचित्र जपावे, उजळलेले त्याच्या शेजारी ठेवावे आणि 'हे यंत्राने पूर्ण केलेले' असे त्याखाली स्पष्ट लिहावे. शंभर वर्षे अक्षर सांभाळणाऱ्या या ग्रंथालयाला चित्राच्या बाबतीत याहून वेगळा धर्म सांगण्याची गरज नाही.