तंजावरचा छापखाना आणि आपण



इथे लंडनच्या हाउन्सलोत, परमुलखात मराठी संमेलन भरवायचे म्हटले की मला तंजावरचे सरफोजीराजे भोसले आठवतात. 1799च्या तहाने ईस्ट इंडिया कंपनीने त्यांचा राज्यकारभार घेतला. हाती उरला किल्ला आणि तनखा. तरी राजांनी वाड्यात छापखाना घातला, ‘नवविद्याकलानिधी’. 1806 साली तिथून ‘बालबोध मुक्तावली’ निघाली, म्हणजे सख्खण पंडितांनी मराठीत आणलेल्या इसापच्या गोष्टी. पुण्यात तेव्हा दुसरे बाजीराव गादीवर होते. आणि मराठी गोष्टींचे पुस्तक छापले जात होते तमिळ मुलखात, भोसले तिथे जाऊन सव्वाशे वर्षे उलटल्यावर!

त्याच्या शतकभर आधी युरोपातील वालाखिया या ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती राज्यात तिथला शासक कॉन्स्टँटिन ब्रिंकोव्यानू यानेही छापखान्यांना असाच हात दिला. 1701 साली त्याच्या आश्रयाने स्नागोवच्या मठात अरबी प्रार्थनाग्रंथ छापला गेला, तोही दूर सीरियाकडच्या धर्मबांधवांसाठी. मोठेच काम ते. पण माझे मन सरफोजींकडे अधिक ओढते, कारण त्यांनी सुरुवातीलाच गोष्टीचे पुस्तक काढले. ‘देवेंद्र कुरवंजी’ या मराठी नाट्यात तर त्यांनी जगाचा भूगोल गाण्यांत गुंफला.

भूगोलावरून आठवले. आज जिथे विमाने उतरतात, त्या हाउन्सलोच्या माळावर 1784 साली जनरल विल्यम रॉय यांनी मोजणीची पायारेषा आखली. तीच विद्या घेऊन कंपनीचा मोजणी अधिकारी लॅम्बटन 1808 साली तंजावरला पोचला आणि बृहदीश्वर मंदिराच्या शिखरावर चढवताना त्याचे अवजड मोजणीयंत्र आदळले. सरफोजींच्या डोळ्यांदेखतचा तो काळ.

आता पुस्तके छापून देणारा राजा नाही. इथे भाड्याच्या हॉलमध्ये रविवारी मराठीचे वर्ग चालतात. फळा पुसून खुर्च्या रचून ठेवेपर्यंत शिक्षक थांबतात, तेही बिनपगारी. मुलांना पाठ्यपुस्तक कसेबसे मिळते, हौसेने वाचावे असे पुस्तक मात्र मिळत नाही. तो तनखा आता आपल्याच खिशातून निघायला हवा, असे मी आग्रहाने म्हणतो. बाहेर मुलांच्या पुस्तकांचे टेबल मांडले आहे. चहाला जाताना तिथे थांबा, एक प्रत घरी न्या, दुसरीचे पैसे वर्गासाठी द्या.

संमेलनाध्यक्षांनी दीपप्रज्वलनासाठी पुढे यावे, ही विनंती.