फुप्फुसाचा कर्करोग : जनुकांतील बदल आणि रुग्णाचे आयुष्य



फुप्फुसाचा कर्करोग म्हणजे एकच एक रोग, अशी समजूत पुष्कळ काळ रूढ होती. सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या पेशींवरून त्याचे दोन मुख्य प्रकार करण्यात येत : लहान पेशींचा आणि लहान पेशींव्यतिरिक्तचा. शंभरांपैकी सुमारे ८५ रुग्ण दुसऱ्या प्रकारात मोडतात आणि त्या सर्वांवर जवळजवळ सारखेच उपचार होत. रोग शरीरभर पसरलेल्या रुग्णांवर अमेरिकेत केमोथेरपीच्या चार पद्धतींची तुलना करण्यात आली. तिचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. चारांपैकी एकही पद्धत दुसरीहून सरस ठरली नाही. निम्मे रुग्ण सुमारे आठ महिन्यांतच दगावले. हे चित्र पुढे बदलले, ते मुख्यतः कर्करोगाच्या पेशींतील जनुकांच्या अभ्यासामुळे.

बिघाड कोठे होतो?

पेशीने केव्हा वाढावे, केव्हा विभागावे आणि केव्हा थांबावे, हे जनुके ठरवितात. ईजीएफआर नावाचे जनुक पेशीच्या आवरणावर एक प्रथिन बसविते. वाढीचा संकेत आला म्हणजे ते प्रथिन जागे होते आणि काम झाले की शांत होते. या जनुकात विशिष्ट बदल झाला, तर संकेत नसतानाही प्रथिन जागेच राहते. विहिरीवरील पंप बंद करण्याचे बटण निकामी व्हावे आणि पाणी अखंड वाहत राहावे, तसाच हा प्रकार होय.

हे बदल बहुतेक वेळा जन्मजात नसतात. ते त्या व्यक्तीच्या फुप्फुसातील पेशींत, तिच्या हयातीत घडून येतात व सामान्यतः मुलाबाळांकडे जात नाहीत. म्हणून ‘जनुकीय दोष’ हे शब्द कानी पडताच त्या घरच्या मुलामुलींच्या सोयरिकीविषयी शंका घेणे सर्वस्वी चुकीचे आहे.

तंबाखूच्या धुरातील बेन्झोपायरीनसारखी द्रव्ये डीएनएला चिकटून त्यात चुका घडवितात. धूम्रपान करणाऱ्यांच्या अर्बुदांत केआरएएस या जनुकातील बदल अधिक आढळतो. परंतु विडी-सिगारेटला कधीही न शिवलेल्यांनाही हा रोग होतो. ईजीएफआर आणि एएलके या जनुकांतील बदल अशा रुग्णांत विशेष आढळतात.

बदल ओळखल्याने काय साधले?

जेफिटिनिब हे औषध प्रारंभी सरसकट दिले जाई. थोड्याच रुग्णांना त्याचा विलक्षण गुण येई. याचा उलगडा २००४ साली अमेरिकेतील बॉस्टन येथील संशोधकांनी केला : गुण आलेल्यांच्या अर्बुदांत ईजीएफआरमधील बदल होता. पूर्व आशियातील १,२१७ रुग्णांवरील एका चाचणीचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. बदल असलेल्यांमध्ये या गोळीने केमोथेरपीपेक्षा अधिक काळ रोग रोखून धरला. बदल नसलेल्यांमध्ये मात्र गोळी घेणाऱ्यांचाच रोग लवकर बळावला. तपासणीवाचून औषध देणे घातक ठरू शकते, हा यातील मोठा धडा होय.

एएलके जनुकाचे दुसऱ्या जनुकाशी होणारे विकृत जोडकाम जपानी संशोधकांनी २००७ साली उजेडात आणले. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की, हा बदल असूनही त्यावरील औषध न मिळालेले रुग्ण इतरांपेक्षा अधिक काळ जगले नाहीत. औषध मिळालेल्यांचे आयुष्य मात्र स्पष्टपणे वाढले. म्हणजे नुसता बदल तारक ठरत नाही. तो ओळखून योग्य औषध देणे तारक ठरते. २०२४ साली जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार, लोरलॅटिनिब हे नवे औषध घेणाऱ्यांपैकी ६० टक्के रुग्णांत पाच वर्षांनंतरही रोग वाढलेला नव्हता. आधीच्या क्रिझोटिनिब या औषधाबाबत हे प्रमाण केवळ ८ टक्के होते.

या उपचारांना मर्यादाही आहेत. पसरलेला रोग त्यांनी सहसा समूळ जात नाही. पेशींत नवे बदल होऊन औषध निष्प्रभ होते आणि पुन्हा तपासणी करावी लागते. केआरएएसमधील एका बदलावरचे पहिले औषध तर २०२१ सालीच मान्यता पावले.

मुंबईतील कार्य

मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाच्या संशोधकांनी ९०७ भारतीय रुग्णांची पाहणी २०१३ साली प्रसिद्ध केली. त्यांपैकी २३ टक्के रुग्णांत ईजीएफआरमधील बदल आढळला. याच रुग्णालयातील ३५० रुग्णांच्या चाचणीत जेफिटिनिबला केमोथेरपीची जोड दिल्यावर रोग रोखून धरण्याचा मध्यम काळ आठ महिन्यांवरून सोळा महिन्यांवर गेला. ही चाचणी २०२० साली प्रसिद्ध झाली. जेफिटिनिब आता भारतीय कंपन्याही तयार करतात, ही समाधानाची बाब आहे.

गावपातळीवरील कर्तव्य

हे सर्व ज्ञान रुग्ण वेळेवर पोहोचला तरच उपयोगी पडते. दीर्घकाळचा खोकला, थुंकीतून रक्त, वजनात घट ही लक्षणे क्षयाची आणि कर्करोगाचीही असतात. एक्स-रेतील डागही सारखा दिसू शकतो. त्यामुळे काही रुग्ण महिनोन्महिने क्षयाचीच औषधे घेत राहतात आणि मोलाचा काळ हातचा जातो. थुंकीत जंतू न सापडता उपचार सुरू झाले असतील व उतार पडत नसेल, तर अशा रुग्णास मोठ्या रुग्णालयात पाठविण्याचा आग्रह धरावा. उपचार मात्र वैद्यकीय सल्ल्यावाचून मध्येच बंद करू नयेत.

‘तुकडा काढला की रोग भडकतो’ ही भीती खेड्यापाड्यांत अद्याप आहे. वास्तविक त्या लहानशा तुकड्यावरूनच रोगाचे निदान होते आणि जनुकांतील बदल कळतो. तो काढू न देणारा रुग्ण आपल्या नेमक्या औषधाचा मार्ग स्वतःच बंद करीत असतो. खर्चाच्या चिंतेने कोणी घरी बसून असेल, तर महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगावरील उपचारांचा समावेश आहे, हे त्यास सांगावे आणि कागदपत्रे जमविण्यास साहाय्य करावे.

शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थांच्या विक्रीस २००३ च्या कायद्याने बंदी आहे. तिची अंमलबजावणी शिक्षक आणि पंचायत सदस्य यांच्या दक्षतेवर अवलंबून आहे. जनुकांतील बदलांवरील औषधे महागडी असतात व त्यांचा प्रभाव बहुधा काही काळच टिकतो. मुलाने पहिली विडी न ओढणे हा उपाय मात्र बिनखर्ची आणि जन्मभर पुरणारा आहे.