नोंद ठेवणारा शल्यचिकित्सक



शल्यचिकित्सेच्या इतिहासाला वाहिलेल्या या परिषदेच्या आरंभी कॉर्डोबाचे शल्यचिकित्सक अल-झहरावी यांचे स्मरण करणे मला अगत्याचे वाटते.

इसवी सन १०००च्या सुमारास त्यांनी ‘अत-तसरीफ’ हा ३० भागांचा ग्रंथ पूर्ण केला. शेवटचा भाग शस्त्रक्रियेचा. त्यात सुमारे २०० उपकरणांच्या आकृत्या आहेत. टॉन्सिल काढायची कृती पाहा. रुग्णाला उन्हाकडे तोंड करून बसवायचे, पातळ धातूच्या पट्टीने जीभ दाबायची, आकड्याने टॉन्सिल ओढून धरायचा आणि वाकड्या टोकांच्या कात्रीने कापायचा. ही कात्री हिंदी लोखंडाची किंवा दमास्कसच्या पोलादाची असावी, असेही ते सांगतात. टॉन्सिल लालबुंद सुजला असेल तर मात्र शस्त्र लावू नये, ही त्यांची ताकीद.

श्वासनलिका उघडण्याची शस्त्रक्रिया प्राचीन ग्रंथांत होती. पण आपल्या मुलुखात ती कोणी केलेली पाहिली नाही, हे त्यांनी स्पष्ट लिहिले. पुढे एका दासीने स्वतःच्या गळ्यावर सुरी चालवली. अल-झहरावींना बोलावणे आले. जखमेतून हवा जात होती. मोठी रक्तवाहिनी मात्र शाबूत होती. त्यांनी टाके घातले. ती बरी झाली, आवाज तेवढा घोगरा राहिला. श्वासनलिकेला दिलेला छेद जीवघेणा नसतो, हा निष्कर्ष त्यांनी यावरून काढला. बाराव्या शतकात सेव्हिलचे वैद्य इब्न झुहर यांनी शेळीवर हा छेद घेतला, मधाच्या पाण्याने जखम धूत राहिले आणि शेळी जगली. एकाची नोंद, दुसऱ्याचा प्रयोग: ज्ञान असेच पुढे सरकले.

गेरार्ड ऑफ क्रेमोनाने बाराव्या शतकात टोलेडो येथे ‘अत-तसरीफ’मधील शस्त्रक्रियेच्या भागाचे लॅटिन भाषांतर केले आणि युरोपातील शल्यचिकित्सक पिढ्यान्‌पिढ्या त्यावर शिकले. हाताच्या कौशल्याइतकाच हा प्रामाणिक लेखणीचा प्रभाव होता. पाहिलेले आणि न पाहिलेले यांत अल-झहरावींनी गल्लत केली नाही.

मित्रहो, तालुक्याच्या दवाखान्यात रात्री-अपरात्री आपणही असे रुग्ण वाचवता. पण त्यातले कागदावर उतरते किती? म्हणून माझी कळकळीची विनंती आहे: आपले अनुभव इथे मोकळेपणाने मांडा आणि परत गेल्यावर मराठीतून लिहून ठेवा.