यंत्र आणि बोटें

श्रोतेहो, चौतीस वर्षें मीं मुलांना शिकविलें. साठी उलटल्यावर मला पुन्हां विद्यार्थी व्हावें लागलें, आणि तेंही स्वयंपाकघरांत. ती हकीकत आज सांगावयाची आहे.

आमच्या घरीं दिवाळीची नानकटाई चाळीस वर्षें परातींत, तळहातानें तूप फेसून होत असे. पुढें सौभाग्यवतीच्या बोटांत संधिवात शिरला आणि दोन दिवाळ्या नानकटाईवांचून गेल्या. तेव्हां मुलीनें विजेवर चालणारा स्टँड मिक्सर पाठविला. "म्हणजे माझ्या हातांचें काम संपलें!" एवढेंच बोलून सौभाग्यवतीनें त्याकडे पाठ फिरविली. यंत्र शिकण्याचें काम अर्थातच मजकडे आलें.

या यंत्राचें मूळ अमेरिकेंतलें. १९०८ सालीं ओहायो राज्यांतील हर्बर्ट जॉन्स्टन या अभियंत्यानें एका पाववाल्यास चमच्यानें पीठ घोटतांना पाहिलें, आणि त्यावरून त्याला ही कल्पना सुचली. घरगुती यंत्र १९१९ सालीं निघालें. त्याचें वजन सुमारें ६५ पौंड होतें. त्यांतील पातें स्वतःभोंवतीं गरगरतें आणि त्याच वेळीं उलट दिशेनें भांड्यांत प्रदक्षिणा घालतें. त्यामुळें कडेचेंही पीठ सुटत नाहीं. यंत्राबरोबर तीन अवजारें येतात: पावाचें पीठ मळावयास वांकडा आंकडा, लोणी-साखर फेसावयास चपटें पातें, आणि अंड्याचा पांढरा बलक फुलवावयास तारांचा पिंजरा.

पहिल्या दिवशीं मीं अर्धा किलो मैदा घातला आणि एकदम वेगाची कळ शेवटपर्यंत फिरविली. क्षणार्धांत मैदा माझ्या चष्म्यावर! दुसऱ्या दिवशीं मैद्यांत ३०० मिलिलिटर पाणी, यीस्ट व मीठ घालून यंत्र मोठ्या वेगानें बराच वेळ चालविलें. पीठ कोमट, चिकट झालें. न राहवून सौभाग्यवती जवळ आली, एका बोटानें तिनें गोळा दाबला आणि म्हणाली, "अहो, हें मळलेलें नाहीं, दमविलेलें आहे."

निदान अचूक होतें. घर्षणानें पीठ तापतें, आणि मळण्याचा अतिरेक झाल्यास त्याचा चिवटपणा तुटूं लागतो. आतां मी हलक्या वेगानेंच आठ-दहा मिनिटें मळतों, आणि मधून मधून यंत्र थांबवितों. सौभाग्यवती लहानसा गोळा घेऊन बोटांनीं ताणते. पापुद्रा न फाटतां त्यांतून उजेड दिसला, कीं पीठ तयार. या परीक्षेला बोटांत बळ लागत नाहीं, अनुभव लागतो.

गेल्या दिवाळींत नानकटाई झाली. थिजलेलें तूप व पिठीसाखर चपट्या पात्यानें पांढरी, हलकी होईतों फेसली. मग मैदा घालून अगदीं मंद वेग ठेवला. मी घड्याळ पाहत होतों. ती भांड्यांत पाहत होती. "बस्स!" ती म्हणाली, आणि मीं कळ बंद केली. घड्याळाप्रमाणें अजून अर्धें मिनिट बाकी होतें. नानकटाई मात्र पूर्वीसारखीच खुसखुशीत उतरली.

श्रोतेहो, असें यंत्र घरीं आणणार असाल, तर खुशाल आणा. मात्र चालू करण्यापूर्वीं घरांतील अनुभवी हातांना तेथें बोलवा. चालवावयास मी दोन दिवसांत शिकलों. केव्हां थांबावें, हें अद्याप तिलाच विचारतों.